सतरा खांबांची हजेरी

कवडूजी कचेरीचं कुलूप कधी लगेच उघडत नसत. आधी ओसरीवरच्या खांबांची हजेरी व्हायची. बोटांची पेरं दुमडून पहिल्या खांबावर दोनदा टकटक, मग कान लाकडाला, क्षणभर थांबणं आणि पुढचा खांब. सतराच्या सतरा खांब झाले की कमरेची किल्ली सुटायची. मी नोकरीवर रुजू व्हायला गेलो त्या सकाळी पायरीवर ट्रंक ठेवून हा सोहळा पाहत उभा राहिलो. शेवटी न राहवून विचारलं, "कोणाला उठवताय?"

"हाजरी घेऊन राह्यलो जी," वळूनही न पाहता ते म्हणाले. "खांब धड असला तं भरून आवाज देते. उधई लागली का पोकळ बोलते. तुमी कोन?"

मी नवा ट्रेसर होतो, म्हणजे साहेबांनी काढलेले नकाशे पातळ कागदावर गिरवणारा. अमरावतीहून चांद्याला आलो होतो. चंद्रपूर हे नाव तेव्हा कागदावरही आलं नव्हतं. नुकतंच राज्य बदललं होतं आणि आमच्या फायली नागपूरऐवजी मुंबईची वाट पाहू लागल्या होत्या. कचेरी कोणत्या खात्याची ते सांगत नाही; त्या खात्याने माझं काही वाईट केलेलं नाही. चांद्याच्या परकोटाच्या आत, लोक जिला सतराखांबी म्हणत, ती ही इमारत.

कवडूजी तिथले चौकीदार. ठेंगणे, काळेसावळे, हात मात्र दुसऱ्याच कोणाचे तरी आणून जोडल्यासारखे मोठे. धोतरावर खाकी कोट, त्याची वरची पितळी गुंडी रोज घासलेली. मार्कंड्याकडच्या एका गावचे ते ढीवर, वैनगंगेत जाळं टाकणाऱ्या घरातले. तीस वर्षं कचेरीच्या मागच्या खोलीत बायको गिरजाबाईंसोबत राहत होते. मूलबाळ नव्हतं. अक्षरओळख नव्हती, पण इमारत बघायला कोणी आलं की पोपटासारखे सुरू होत.

"पाय गोंडराजाचे, पोट भोसल्याचं अन् टोपी इंग्रजाच्या वक्ताची!"

मला हे ऐकून हसू आलं होतं. पण दुपारी टेप घेऊन मोजमापं घेतली तर म्हातारा शंभर टक्के खरा. जोत्याचे दगड परकोटाच्या दगडांसारखेच ताशीव, भिंतींच्या विटा जुन्या आणि चपट्या, आणि सागाचे खांब, तुळया, कौलं हे सगळं पुष्कळ नंतरचं. मी शिकलो होतो ते पुस्तकात आणि यांनी पाठ केलं होतं ते बोटांनी, याचा मला थोडा मत्सरही वाटला.

"आणि मालक कोण?" मी विचारलं.

"सरकार. अजून कोन राहीन?"

एकाच प्रश्नाला मात्र त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. खांब सतराच का? दर्शनी रांगेत बरोबर मध्यभागी, जिथे अठरावा असायला हवा, तिथे मोकळी जागा होती. कोणी म्हणे वाळवीने खाल्ला, कोणी म्हणे दृष्ट लागू नये म्हणून सोडला. कवडूजी म्हणत, "थे मले नाई मालूम. ज्याले नाई मालूम त्यानं मालूम हाये मनू नये." मला तेवढ्याने चैन पडेना. चौकशी हा माझा जुना रोग आहे. मी तंगड्या टाकून तो मोकळा गाळा तीनदा मोजला.

दुपारच्या सुट्टीत ते तंबाखू मळत आणि मी त्यांना बोलतं करी. तरुणपणी ते वैनगंगेच्या घाटावर लाकडं वेगळी करायच्या कामावर होते. पलीकडच्या रानातून तोडलेला साग पुरात सोडत आणि खाली घाटावर अडवत. एकाच पाण्यात सरकारी रानाचं लाकूड आणि मालगुजारांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या, रानाचं लाकूड. ओळखायचं कसं? तर प्रत्येकाचा लोखंडी हातोडा असे. त्याच्या तोंडावर खूण कोरलेली. तोडलेल्या ओंडक्याच्या टोकावर तो मारला की शिक्का उमटे. "कोनाचा घोडा, कोनाचं बेलपान, सरकारचा मुकुट. शिक्का पाह्यला का मालक समजला. मानूस खोटं बोलते जी, लाकूड नाई बोलत."

अशात मुंबईहून एक छापील तक्ता आला. जिल्ह्यातल्या प्रत्येक कचेरीची माहिती भरायची: बांधकाम, खोल्या, छप्पर, आणि शेवटचा रकाना, मालक. काम माझ्या गळ्यात पडलं. आमच्या इमारतीच्या मालकीचा एकही कागद सापडेना. साहेब म्हणाले, "सरकारी लिहा आणि मोकळे व्हा." साहेब तसे भले गृहस्थ, पण फाईल लांबली की त्यांचं पोट बिघडायचं.

मी लिहिणारच होतो, तेवढ्यात राधाबाई नावाच्या एका बाईंचा अर्ज आला आणि दोन दिवसांनी ब्रह्मपुरीच्या बसने स्वतः राधाबाई आल्या. साठीच्या, विधवा, पायात टायरच्या वहाणा. एके काळच्या मालगुजाराच्या सून. मालगुजारी गेली, नवरा गेला, आणि आता ब्रह्मपुरीला पुतण्याच्या घरी एका कोपऱ्यात दिवस काढत होत्या. त्यांचं म्हणणं एवढंच की ही इमारत सासऱ्यांनी जुन्या पडक्या भिंतींवर खांब-छप्पर चढवून राहायला बांधली होती. जुन्या सरकारी कचेरीचं छप्पर बसलं म्हणून दोन पावसाळ्यांसाठी शब्दावर दिली, आणि ती परत मागायचं कोणाला धाडस झालं नाही.

"कागद आहे?" साहेबांनी विचारलं.

"कागद असता तं भाऊ, मी म्हातारपनी पुतन्याच्या सुनेचे टोमणे काऊन ऐकले असते?"

कवडूजी दारात उभे होते. त्यांचा चेहरा तांबडा झाला. "बाई, तीस वर्सं इथी हावो मी. ह्या घराचा मालक सरकार हाये."

बाईंनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "तुमी आले तवा कचेरीच होती. माह्या सासूले परदा होता. तिची बैलाची झाकलेली दमणी त्या मधल्या जागेतून थेट ओसरीवर ये; तवा पायऱ्या नोहोत्या, उतार होता. बैलाच्या जुवाले अडते मनून सासऱ्यानं एक खांब लावूच देल्ला नाई."

मी तीनदा मोजलेला तो गाळा, दमणीची दोन चाकं आणि वर थोडी जागा! पण साहेब म्हणाले, "गोष्ट छान आहे, बाई. गोष्टीवर इमारत देता येत नाही." जाताना बाई त्या मोकळ्या जागेतूनच पायऱ्या उतरल्या.

त्या दिवसापासून कवडूजी माझ्याशी धड बोलेनात. चौथ्या दिवशी दुपारी स्वतःच म्हणाले, "तुमाले शोध पायजे ना? चाला वर. तुळयाईचे डोके पाहू. सरकारचा मुकुट दाखवतो, मंग बाईचं बोलनं बंद." छताखालची फळ्यांची तक्तपोशी बसवल्यापासून वर कोणी गेलंच नव्हतं. शिडी लावताना गिरजाबाई खोलीतून बाहेर आल्या आणि पदर खोचून मला म्हणाल्या, "बाबू, सरकारी निंगाली तं आमची खोली राहीन ना जी?" मी हो म्हणालो. नाही निघाली तर, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. कचेरी हलली असती तर नवीन जागेत चौकीदाराला खोली नव्हती, आणि गावाकडे यांची एक पडकी झोपडी तेवढी उरली होती.

दोन फळ्या काढून आम्ही वर सरपटलो. धूळ, चिमण्यांची जुनी घरटी, कौलांतून पडणारा उन्हाचा पट्टा. तुळयांची टोकं डांबराने माखलेली होती. कवडूजींनी विळ्याने एका टोकावरचं डांबर खरवडलं, मग कंबरेच्या डबीतला तंबाखूचा चुना बोटावर घेऊन त्या लाकडावर चोळला आणि धोतराच्या सोग्याने पुसला. दबलेल्या जागेत चुना राहिला. पांढरी, स्वच्छ खूण वर आली. तीन बोटं पुढे, एक मागे.

"हा मुकुट का?" मी उत्साहाने विचारलं.

ते दुसऱ्या तुळईकडे सरकले. खरवडलं, चुना लावला, पुसला. मग तिसरी. अकरा तुळया होत्या. अकराही त्यांनी अशाच पाहिल्या, मी बॅटरी धरून मागे मागे. चुन्याची डबी संपली. ते तिथेच मांडी घालून बसले आणि बराच वेळ शेवटच्या खुणेवर अंगठा फिरवत राहिले. मला शिक्के वाचता येत नव्हते. ते मुकुट म्हणाले असते तर मी मुकुट लिहिला असता, हे त्यांनाही ठाऊक होतं.

"मोराचं पाऊल हाये," ते शेवटी म्हणाले. "बाईच्या सासऱ्याचा हातोडा. म्या घाटावर हजार खेपा पाह्यला." आणि मग, जरा हळू, "तीस वर्सं मी लोकाईले खोटं सांगून राह्यलो, बाबू."

"तुम्हाला माहीत नव्हतं," मी म्हणालो.

"नव्हतं मालूम, तं मालूम हाये मनायचं नव्हतं."

खाजगी हातोड्यांच्या शिक्क्यांची सरकारदरबारी नोंद असे. ती जुनी वही मागवली. तिच्यात मोराचं पाऊल होतं आणि समोर राधाबाईंच्या सासऱ्यांचं नाव. साहेबांच्या टेबलासमोर बाई, मी आणि दाराशी कवडूजी असे पुन्हा जमलो. साहेबांनी वही पाहिली, चष्मा काढला, आणि क्षणभराने त्यांचा चेहरा खुलला.

"लाकूड यांचं, हे कबूल. पण मालगुजार लाकूड विकतही होते. सरकारने विकत घेऊन बांधलं असेल. मग इमारत सरकारचीच, नाही का?"

बाईंचे खांदे खाली आले. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. गिरजाबाईंची खोली वाचत होती. मी तक्त्यावर लेखणी टेकवली.

"साहेब," दारातून आवाज आला. "इकलेल्या लाकडावर दोन शिक्के पडते."

"म्हणजे?"

"एक मालकाचा. अन् इकलं का इक्रीचा दुसरा, त्याच्या बाजूले. त्याच्याबिगर घाटावरून लाकूड हालतच नोहोतं. वरच्या अकराई तुळयाईवर एकच शिक्का हाये. थे लाकूड इकलंच नाई. ज्याचं रान त्यानं आपल्या घराले लावलं."

साहेब चष्मा परत चढवून म्हणाले, "कवडू, तुला कळतंय का तू काय बोलतोयस? खोली जाईल तुझी."

"कळते जी. अंगठा कुठी लावू?"

कागद वरपर्यंत जाऊन यायला वर्ष लागलं, पण निकाल बाईंच्या बाजूने आला. तक्त्यातल्या शेवटच्या रकान्यात त्यांचं नाव मी माझ्या हाताने लिहिलं. कचेरीत कुजबुज सुरू झाली होती, म्हाताऱ्याने बाईशी आधीच संधान बांधलं म्हणून. कवडूजींची निवृत्ती जवळच आली होती. त्यांनी ती थोडी आधी मागून घेतली.

कचेरी हलली त्या दिवशी राधाबाई त्यांना म्हणाल्या, "कवडूभाऊ, तुमी जाऊ नोका. मागची खोली तुमचीच हाये. मले तरी कोन हाये इथी?" गिरजाबाईंनी आशेने नवऱ्याकडे पाहिलं. माझीही तीच इच्छा होती आणि मी ती बोलून दाखवली.

"नाई, बाई," कवडूजी म्हणाले. "मी इथी राह्यलो तं लोक मनतीन, खोलीसाठीच बोलला. मंग माही साक्ष खोटी होईन, अन् तुमचं घरही."

कचेरीचं शेवटचं टेबल गेल्यावर त्यांनी हजेरी घेतली. सतरा खांब. मग किल्ली बाईंच्या हातात दिली, बैलगाडीत दोन पेट्या आणि एक जाळं ठेवलं आणि गावचा रस्ता धरला. नव्या कचेरीचे खांब सिमेंटचे होते. पहिल्या दिवशी मी कोणी पाहत नाही असं बघून एकावर बोटं वाजवली. काही ऐकू आलं नाही, बोटं मात्र दुखली.

तिसऱ्या वर्षी महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत गिरजाबाई भेटल्या. कपाळ रिकामं होतं. कवडूजी आदल्या पावसाळ्यात गेले होते, तापाने. मला ओळखल्यावर त्या देवळाच्या पायरीवर बसल्या आणि हकीकत सांगत राहिल्या. झोपडी दरसाल गळायची, शाकारूनही गळायची. भांडी मांडून मांडून त्यांचा जीव नको व्हायचा.

"पानी टपकलं का मी त्याईले बोलत होती, बाबू. मी मने, त्या दिवशी तुमी चूप बसले असते तं काय झालं असतं? कोनाले समजनार होतं?"

"मग काय म्हणायचे?" मी विचारलं.

गिरजाबाईंनी पदराने डोळे पुसले. "मनत, बरोबर हाये तुहं. कोनालेच समजलं नसतं. पन मंग रोज सकाळी त्या खांबाईची हाजरी मी कोन्या तोंडानं घेतली असती?"