कारण : मनाला वाटलं

म्हाताऱ्या माणसांमध्ये नोकरी केली की किस्से शोधावे लागत नाहीत, एप्रनच्या खिशात आपोआप जमत जातात. संध्याकाळी मुरबाडच्या जीपमध्ये बसले की शेजारची बाई विचारतेच, "आज काय झालं?" तिचा स्टॉप येईपर्यंत एक सांगून होतो. तुम्हाला आज जरा जास्त सांगते.

आमचा वृद्धाश्रम शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यापासून आत, भातशेतांच्या मधोमध आहे. तीसेक माणसं राहतात. मी तिथली नर्स, सगळ्यांची सिस्टर. कारभार बघायला मॅनेजर सर. आमचं सगळं सुरळीत, म्हणजे आम्हाला सोयीचं, चाललं होतं. मग एक बोर्ड आला.

*

तपासणीला माणसं येणार म्हणून सरांनी 'निवासींचे हक्क' असा बोर्ड घाईघाईने करून आणला आणि व्हरांड्यात पार छताजवळ टांगला. अक्षरं बारीक, मराठी जड. माणसं आली, चहा पिऊन गेली, बोर्ड राहिला.

आमच्याकडे देसले गुरुजी आहेत. सगळा जन्म शाळेत शिकवण्यात गेला. त्यांनी एक दिवस मान वर करून तो वाचायचा प्रयत्न केला, मान अवघडली, आणि सरांच्या टेबलावर सुवाच्य अक्षरात अर्ज आला : सदर बोर्ड माणसांसाठी आहे की पालींसाठी, याचा खुलासा व्हावा.

दुसऱ्या दिवशी बोर्ड डोळ्यांसमोर आला. मग गुरुजींनी सकाळच्या चहाला रोज एक हक्क वाचून समजावून सांगायला सुरुवात केली. शेवटी प्रश्न विचारायचे. कुणाचं उत्तर चुकलं की तोच हक्क उद्या पुन्हा.

*

त्यातला एक होता : खोलीत येण्याआधी दार वाजवावं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा वर्षं मी गोळ्यांचा ट्रे घेऊन धाडकन आत शिरत होते.

दुसऱ्या दिवशी भागीरथीआजीचं दार वाजवलं. आजी सरळगावकडची, शेतकऱ्याघरची. आतून आवाज आला, "कोन?"

मी म्हटलं, सिस्टर.

"काय काम हाय?"

गोळी द्यायची आहे म्हटलं. तिने स्वतः उठून दार उघडलं. गोळी घेतली, पाणी प्यायली आणि सांगायला लागली. सासरी बारा माणसांचं घर, तिच्या खोलीला दाराऐवजी जुनं लुगडं टांगलेलं. कोणीही यावं, कोणीही जावं. ती 'ये' म्हणेपर्यंत बाहेर थांबलेलं माणूस तिने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. मी ट्रे उचलला.

"आता भायेर जा," आजी म्हणाली, "आनि आजून एकदा वाजव ना, बाय."

मी गेले. वाजवलं.

*

पुढचा हक्क आपल्या तब्येतीबद्दल आपल्याशीच बोललं जाण्याचा. आमचे डॉक्टर पंधरवड्याने येतात, माणूस चांगला आहे, पण सवय अशी की पेशंट कॉटवर आणि प्रश्न नातेवाइकाला. त्या दिवशी भागीरथीआजीचा मुलगा प्रकाश कल्याणहून आला होता. डॉक्टरांनी त्याला विचारलं, आईला झोप नीट लागते का? तो म्हणाला, हो, लागते.

आजीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"ह्यो कल्यानला निजतो, मी हितं निजते. ह्याला कसं कळलं?"

डॉक्टरांनी खुर्ची फिरवली. तेव्हा पहिल्यांदा कळलं की आजीला दोन महिने झोप नव्हती. गोळी बदलली, आठवड्यात झोपायला लागली. आता डॉक्टर आले की आधी खुर्ची फिरवतात, मग बसतात.

*

सोमाबाबा उंबरमाळीच्या बाजूच्या वाडीतले. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतावर, दुसऱ्याच्या वीटभट्टीवर. मागेपुढे कोणी नाही. फार बोलत नसत. पण गुरुजींनी ज्या दिवशी 'जेवणाबाबत निवासींची आवड विचारात घ्यावी' हे वाचलं, त्या दिवशी हात वर केला आणि एकच शब्द बोलले, सुकट.

आमचं स्वयंपाकघर पहिल्यापासून शाकाहारी. सभा झाली, मतं घेतली, सुकट मोठ्या फरकाने निवडून आली. शाकाहारी मंडळींना त्रास नको म्हणून ठरलं की बुधवारी, मागच्या अंगणात, वेगळ्या चुलीवर.

पहिल्या बुधवारी मागे गेले तर चुलीपासून चार हातांवर गुरुजी खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेले. गळ्यात माळ. मी काळजीने म्हटलं, इथे वास येईल, पुढे बसा.

गुरुजींनी पेपर खाली न घेता उत्तर दिलं, "माळ घातली तेव्हा खाणं सोडलं. वासाबद्दल कोणाला शब्द दिलेला नाही."

*

सगळ्यांत अवघड हक्क निघाला बाहेर जाण्याचा. सोमाबाबांना शहापूरच्या बाजारात जायचं होतं, वॉचमनने फाटकात अडवलं. बाबांनी शांतपणे विचारलं, "मी काय गुन्हा केला, रं?" तेव्हा लक्षात आलं, इथे आल्यापासून सव्वा वर्षात हा माणूस फाटकाबाहेर पडलाच नव्हता.

सरांची भीती खरी होती. रस्त्यात पडले तर जबाबदार कोण? पण बाबांचे पाय ठणठणीत होते आणि बोर्ड सरांनीच लावला होता. शेवटी फाटकावर वही ठेवली. नाव, कुठे, कारण. वॉचमन लिहायला बसला. कारण काय घालू? बाबांनी पुष्कळ विचार केला आणि म्हणाले, मनाला वाटलं.

असं कारण चालतं का हे विचारायला वॉचमन माझ्याकडे पळत आला. मी म्हटलं, लिही.

बाबा चार वाजता परतले, हातात शेंगांची पुडी, चेहरा बाशिंग बांधून आल्यासारखा. आठ दिवसांत वहीत सगळ्यांचं कारण एकच झालं. मग एका दुपारी मला सही हवी होती आणि सर कुठे सापडेनात. वॉचमनने वही पुढे केली. शेवटची ओळ सरांच्या अक्षरात. कुठे : मुरबाड. कारण : मनाला वाटलं.

*

आता शेवटचा किस्सा. हे बघायला मी त्या दिवशी जीप सोडली होती.

भागीरथीआजी आणि सोमाबाबा रोज दुपारी पाण्याच्या टाकीमागे दगडावर जाऊन बसायला लागले. तास, दीड तास. कोणीतरी प्रकाशला फोन केला. तो रविवारी गाडी घेऊन आला, रिकामी बॅगही आणली. आईला घरी नेतो म्हणाला. रागावला नव्हता, पण लाजला होता, आणि ते जास्त वाईट. सर म्हणाले, न्या, पण आधी त्यांना विचारावं लागेल. आजीला ऑफिसात बोलावलं.

प्रकाशने मान खाली घालून विचारलं, आई, तिकडे बसून तुम्ही दोघं करता तरी काय?

"भांडतो," आजी म्हणाली.

कशावरून, असं सरांनी विचारलं. ते रोज वेगळं असतं, म्हणाली. प्रकाशचा जीव भांड्यात पडला. तो हसून म्हणाला, मग घरी चल ना, घरी भांड.

आजीने त्याच्या गालावरून हात फिरवला.

"तुज्या घरी कोन हाय रं भांडायला? समदी नुसती 'हो आई, हो आई' करतात."