समुद्रातल्या जंताची भावकी

समुद्राच्या घरातले नात्यागोत्याचे तंटे सोडवणारा माणूस अख्ख्या भूम तालुक्यात एकच, आणि ते म्हणजे माझे काका, मावशीचे यजमान. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले तरी त्यांचा जीव समुद्राच्या वाळूत अडकलेला. वाळूच्या दोन कणांमध्ये राहणारे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जंत. त्यांच्यात कोण कुणाचा सख्खा, कोण चुलत, कोट्यवधी वर्षांपूर्वी कुणाची चूल कधी वेगळी झाली, हे काका सूक्ष्मदर्शकात बघून ठरवतात. कोकणात नोकरीला असलेला एक जुना विद्यार्थी एसटीने वाळूच्या बाटल्या पाठवतो. "सर, वाळूला आपल्याकडं काय तोटा हाय?" असं एका कंडक्टरने विचारलं आणि फसला. काकांनी त्याला असं काही समजावलं की ती गाडी येरमाळ्याला तासभर उशिरा पोचली. स्वतःच्या भावकीत मात्र सगळा आनंद. बेंबळीचे चुलते वारले, त्यांच्या सुतकात हे गृहस्थ एका लग्नात पोटभर जिलबी खाऊन आले. मावशी आठवडाभर बोलली नाही, आणि काकांच्या ते लक्षातही आलं नाही.

बैठकीच्या भिंतीवर त्यांनी पेन्सिलीने जंतांचा भला मोठा वंशवृक्ष काढलाय. दिवाळीला घर रंगवतात तेव्हा ती भिंत सोडून रंगवतात. त्याच भिंतीच्या कोपऱ्यात त्यांच्या घराण्याची वंशावळही आहे. ती काका आणि मावशीच्या नावांपाशी थांबते. त्यांना मूल नाही, आणि आमच्याकडे त्याबद्दल कुणी बोलत नाही.

वंशवृक्षातला एक जंत काकांचा फार लाडका, तोंडावर मिशीसारखे केस असलेला. तशाच मिशीवाल्या दुसऱ्या जंताचा तो सख्खा भाऊ, हे काका वीस वर्षं छातीठोक सांगत आले. गेल्या उन्हाळ्यात पुण्याच्या प्रयोगशाळेतून डीएनएचा निकाल आला: दोघांचा काडीचा संबंध नाही. मी तेव्हा तिथंच होतो. काका जेवणाच्या ताटावरून उठले. त्यांचं तोंड एवढं उतरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, फार वाईट वाटलं.

मावशी म्हणाली, "आवो, तोंडावळ्यावरून कुठं भावकी ठरती व्हय? सुतक कुणाला पडतं ते बघाय लागतं."

काका थबकले. "एकाच वाळूत राहून दोघं सारखे दिसाय लागले, आन मी वीस वर्षं तोंडंच बघत बसलो गं!" असं म्हणून त्यांनी खोडरबर घेतलं आणि ती रेघ स्वतःच्या हाताने पुसली.

"मंग आता ह्यो कुणाचा?" मावशीने विचारलं.

"कुणाचाच न्हाय. शोधाय लागंल."

"सापडंपर्यंत आपल्यात घ्या की."

मी हसलो. मला ती थट्टा वाटली.

परवा पुन्हा गेलो, तर कोपऱ्यातल्या त्या दोन नावांखाली एक बारीक तुटक रेघ दिसली, आणि रेघेच्या टोकाला तो मिशीवाला. "तपासणी बाकी हाय, म्हणून तुटक काढली," काका घाईघाईने म्हणाले. कुणाची पाठ घासून पेन्सिल पुसली जाऊ नये म्हणून भिंतीलगतची खुर्ची मावशीने दुसरीकडे हलवली होती.