खुंट्यावरचा तिसरा हात

मी समुद्रावर कविता लिहिली तेव्हा समुद्र पाहिलेला नव्हता. अजूनही पाहिलेला नाही. पूर आलेली पूर्णा हेच माझं सगळ्यात मोठं पाणी. पण औंढ्याला नागनाथाच्या शिवरात्रीच्या यात्रेत, मंडपात कविता म्हणायची होती. विषय दिला होता ‘धीर’, आणि धीर म्हटलं की लाटा झेलणारा खडक आलाच, अशी माझी समजूत. मी मास्तर खरा, पण आमची शाळा निजामाची, उर्दूतली. मराठी कविता मी घरच्या घरी शिकलो, त्यामुळं चूक दाखवणारं कुणी भेटलं नाही.

शिरड शहापुरात आमच्या भिंतीला भिंत लावून एक रंगारी चाचा राहायचे. हात कोपरापर्यंत निळे, आणि शेरांचा नाद भारी. त्यांना कविता ऐकवली. लुगडं पिळता पिळता ते थांबले.

“मास्तर, हा दर्या कुठं पाहिला तुमी?”

“पाहिला न्हाई, चाचा. उपमा हाय ती.”

“तरीच कोरडी हाय. अहो, तुमच्या घरात रोज पहाटं शायरी होऊन राहिली. मला भिंतीतून ऐकू येती. तुमी काहून दर्याकडं पळून राहिले?”

पहाटे आमच्या घरात दळण असायचं. जात्याच्या एका बाजूला माय, दुसऱ्या बाजूला बायको, आणि एकाच खुंट्यावर दोघींच्या मुठी. मी पांघरुणात. त्या दिवसांत घरात एक गोष्ट शिजत होती, ती सांगायला हवी. आमची दोन लेकरं झाली आणि गेली. पुढं काही चिन्ह दिसेना, म्हणून मायनं माझ्यासाठी दुसरी मुलगी बघायला घेतली होती. मला विचारलं, तर मी “बघू” म्हणालो. बायकोनं विचारलं, तिलाही “बघू”च म्हणालो. कवी माणूस, एका शब्दात दोन घरं राखली, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे कान देऊन ऐकलं. बायको गात होती:

दळीता दळीता बाई, दगड झिजला
माझ्या मुठीतला खुंटा, न्हाई सुटला

खुंटा एवढासा बाई, दोन मुठींचा
सांग जात्या, हात कुठं, ठेवू तिसरीचा

मायनं पुढची ओवी उचलली नाही. नुसती घरघर चालू राहिली. मी मात्र उठून कागद शोधत होतो. काय रचना! दगड झिजतो, मूठ सुटत नाही. माझा खडक नुसता उभा होता, हा दगड फिरत होता. ‘तिसरी’ तेवढी अडली. त्यावर मी दोन दिवस विचार केला आणि अर्थ लावला.

यात्रेत मी त्या दोन्ही ओव्या म्हटल्या, आपल्याच म्हणून. बायकांच्या बाजूला माय आणि बायको बसलेल्या होत्या. शिवाय मास्तरकीची खोड, अर्थही सांगितला. “दोन मुठी म्हणजे देह आणि मन. तिसरी म्हणजे नियती. मनुष्यानं धीर धरला, तर नियतीला खुंट्यावर जागा नाही!” पुरुषांनी माना डोलावल्या. बायकांच्या बाजूला आधी खसखस पिकली, मग सगळ्या माना मायकडं वळल्या. मायनं पदर तोंडाला लावला होता. ती हसत होती की रडत होती, कळेना.

परतताना बैलगाडीत माय माझ्याकडं पाठ करून बसली. मला वाटलं, चाल चुकली असेल.

घरी आल्यावर माय म्हणाली, “मुलीकडच्यांना न्हाई म्हणून कळवते. झालं समाधान?”

“मी काय केलं, माय?”

“सून जात्याला बोलली, ते मी जात्यावरच सोडलं. जात्याला सांगितलेलं कुणी भांडणात काढत न्हाई, ती रीतच हाय. पण तू पोटचं पोरगं. घरात ‘बघू’ म्हणतो आन् नागनाथाच्या दारात, चार बायांच्या समोर, मला सुनावतो? तोंडानं ‘नको’ म्हणला असतास तर खाल्लं असतं का मी तुला?”

मी तोंड उघडलं, आणि नियतीचा अर्थ आठवून मिटलं.

चाचांना विचारलं, तर ते निळे हात पोटावर धरून हसले. “मास्तर, सगळ्या यात्रेला कळलं, म्हणणाऱ्यालाच न्हाई!” अजूनही मला नीट उमगत नाही. मी काही बोललोच नव्हतो, तरी माझं म्हणणं मानलं गेलं. ज्या दोन ओळींनी घर वाचवलं त्या माझ्या नव्हत्या, आणि अर्थ तेवढा माझा होता, तो चुकीचा. ह्यात कवी कोण, आणि धीर कुणाचा?

बायको आता खूश असेल, ह्या अंदाजानं मी तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो. ती जातं झाडत होती. विचारलं, “तिसरी म्हणजे... तीच का?”

तिनं वर पाहिलं नाही. कुंचा आपटून पीठ झाडलं आणि म्हणाली, “पुढच्या टायमाला न्हाई म्हणायचं असलं, तर आपल्या तोंडानं म्हणा. माझी ओवी मला लागती.”