वंशावळीत नसलेल्या लेकी

“हेरेडिटरी हेमोरॅजिक टेलँजिएक्टेसिया,” पुण्याचे डॉक्टर म्हणाले. म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचा वंशपरंपरेने येणारा दोष. वाहिन्या नाजूक असतात, त्यामुळे नाक सहज फुटते आणि ओठांवर तांबडे ठिपके उमटतात. समोर पलंगावर माझी मुलगी गोदावरी होती. नाकात पट्टी कोंबलेली, पाठीवर कडुनिंबाच्या फोकांचे वळ.

ते वळ दौंडचे, तिच्या सासरचे. ठिपके पाहून देवऋष्याने बाधा ठरवली. तिला खांबाला बांधून मारले आणि वाहत्या नाकाखाली मिरच्यांची धुरी धरली. रक्त दोन दिवस थांबले नाही. तिची नऊ वर्षांची शारदा अजून त्याच घरात होती, आणि त्या उन्हाळ्यात तिचेही नाक दोनदा फुटले होते.

मी शिरूरच्या कचेरीबाहेर अर्ज लिहितो. व्याह्यांना नोटीस मी रुग्णालयाच्या बाकावरच लिहिली: “आपण माझ्या कन्येस जिवे मारण्याचा प्रयत्न केला आहे.” त्यातील एकही शब्द मी आजही मागे घेत नाही.

डॉक्टरांनी घराण्याची माहिती विचारली. वाटणीच्या दाव्यासाठी केलेली वंशावळ पिशवीत होतीच. ती मी अभिमानाने पुढे केली. आजोबा, वडील, मी: तिघांचेही नाक फुटे. आम्ही त्याला उष्णता म्हणत असू आणि गुलकंद खात असू.

“आप्पा, यात सगळे पुरुषच आहेत,” ते म्हणाले. “हा दोष बापाकडून येतो तसा आईकडूनही येतो. मुलगा की मुलगी, हे पाहत नाही. प्रत्येक अपत्याला येण्याचा संभव निम्मा. बहुधा लहानपणी किंवा वयात येताना सुरू होतो, वयाबरोबर वाढतो. घरातल्या लेकी कुठे आहेत?”

आमच्या वंशावळीत लेकी लिहीत नसत. माझी बहीण काशी त्यात नव्हती. तिच्याही ओठांवर ठिपके होते, आणि इनामगावी तिच्या सासरी तिलाही अशीच धुरी दिली होती. निरोप आला तेव्हा वडील म्हणाले, “त्यांचं घर हाय, आपुन मधी पडू नये.” मी गप्प राहिलो. महिन्याभरात ती गेली.

माझ्या नोटिशीतील आरोपी क्रमांक दोन मीच होतो.

गोदावरीला रक्त चढवले, नाक आतून डागले. ती उठून बसली त्या दिवशी मी दौंडची गाडी पकडली.

“कागद घिऊन आला व्हय वकीलसाहेब?” व्याही अंगणातून म्हणाले. “सोमवारी देवऋषी येतोय. पोरीलाबी दावून घिऊ.”

त्या सकाळी माझ्याही नाकात पट्टी होती. मी ती सर्वांसमोर ओढून काढली. रक्त सदऱ्यावरून पायरीवर सांडले.

“पाव्हणं, हे काय वो?”

“पुरावा. हे रगत माझ्या घरचं. बांधा मला खांबाला, द्या धुरी.”

दोरी कोणीच आणली नाही. शेवटी विहीणबाईंनी ओले फडके माझ्या हाती दिले आणि शारदेला माझ्याकडे ढकलले.

ज्यांच्या घरी असे नाक फुटते त्यांनी पुढे वाकून बसावे, नाकाचा मऊ भाग दाबून धरावा, धूर जवळ आणू नये. आणि वंशावळीत लेकी लिहाव्यात. डॉक्टरांच्या त्या एका प्रश्नामुळे माझ्या कागदावर आज गोदावरी आणि शारदा आहेत, दोघीही हयात. काशीही आहे. तिच्या मृत्यूचे कारण म्हणून मी ‘बाधा’ लिहिलेले नाही. लिहिले आहे: मार, धुरी आणि भावाचे मौन.