पायाचं काय लिहिलंत?

मी चौथीपर्यंत शिकलो. अक्षर मात्र चांगलं होतं आणि ते मला माहीत होतं.

सन पन्नास-साठच्या मधली गोष्ट. कानडी मुलखात, यशवंतपूरच्या एका गोदामात पोत्यांवर ब्रशनं गावांची नावं घालायची माझी पगाराची नोकरी होती. नव्या मॅनेजरनं पत्र्याचे साचे आणले. साचा ठेवायचा, शाई फिरवायची, झालं. मी म्हटलं, हे काम कुणीही करील. तो म्हणाला, म्हणूनच आणलेत. मी ब्रश धुतला, जागेवर ठेवला आणि नोकरी सोडली. ब्रश गोदामाचा होता.

दुसऱ्या दिवशी पोस्टाबाहेर एक लाकडी पेटी घेऊन बसलो. मार्केटात बेळगाव, खानापूरकडचे हमाल पुष्कळ. त्यांना घरी मराठीत पत्र हवं असे. ते सांगत, मी लिहीत असे. सांगताना माणूस वेडंवाकडं बोलतो. मी ते नीट करून घालत असे. वाचून दाखवत नसे. मी काय परीक्षेला बसलो होतो?

सासऱ्यांनी मुलगी दिली होती ती पगारदार माणसाला. पेटीचं कळल्यावर ते स्वतः आले आणि तिला निपाणीकडे गावी घेऊन गेले. मी स्टेशनवर गेलो नाही. गिऱ्हाईक बसलं होतं.

दोन महिन्यांनी तिचं कार्ड आलं. तिला लिहिता येत नसे. गावच्या मास्तरांचा हात होता. 'आपल्या चरणकमली शिरसाष्टांग नमस्कार. आपण पगाराची नोकरी धराल तेव्हाच मी येईन. तोवर वाट पाहू नये.' माझ्या पायांना ती कधी कमळ म्हणाली नव्हती. कार्ड चार वेळा वाचलं. मग उत्तर लिहिलं: मास्तरांना सांगणे, ओळी उजवीकडे उतरतात. बाकी क्षेम.

त्यावर काही आलं नाही. दिवाळी गेली. भात मीच शिजवत होतो, कधी कच्चा, कधी गिच्च. गोदामाच्या फाटकापर्यंत दोनदा गेलो आणि तिथूनच मागे फिरलो.

एका सकाळी एका हमालाचं पत्र पुरं करत होतो, तर पेटीसमोर कुणीतरी ट्रंक ठेवली. बायको होती. एकटीच आली होती.

"घ्यायला या, एवढंच सांगितलं होतं मी," ती म्हणाली.

पगाराचं तिच्या वडिलांनी घालायला लावलं होतं. तिचं वाक्य मास्तरांनी गाळलं. माझं उत्तर घरात सगळ्यांपुढे वाचलं गेलं, तेव्हा तिनं मास्तरांना खोदून विचारलं आणि हे बाहेर आलं. मग वडिलांना न विचारता गाडीत बसली.

हमाल तसाच बसून होता. ती म्हणाली, "ह्यांचं काय लिहिलंय ते वाचा."

मी वाचलं. प्रकृती उत्तम आहे, काळजी नसावी, वगैरे.

"अण्णा, पायाचं काय लिहिलंत?" हमाल म्हणाला.

त्याचा पाय सुजला होता. भावाला मदतीला पाठव, असं त्याला आईला कळवायचं होतं. मी म्हटलं, आईला असलं लिहीत नाहीत, घोर लागतो.

"बाईमाणसं असलं लिहीत नाहीत, असं मास्तरही म्हणाले," बायको म्हणाली.

मी कार्ड फाडलं. दुसरं घेतलं. पाय, सूज, भाऊ, सगळं त्याच्या तोंडून आलं तसं लिहिलं आणि वाचून दाखवलं. ऐकायला बरं वाटत नव्हतं.

"सरी, बरोबर आहे, अण्णा," तो म्हणाला आणि लंगडत पोस्टात गेला.

ती तोवर ट्रंकेवर बसून होती. मग तिनं घराची किल्ली मागितली.