गच्चीवरचा पिंपळ

त्या रविवारी सकाळी वहिनीचा फोन आला तेव्हा मी सिव्हिल लाइन्सच्या माझ्या घरी दुसरा चहा घेत होतो. "भाऊजी, हे गच्चीवर पडले. उठूनच नाही राहिले..." महाराजपूरला त्यांच्या घरी पोहोचलो तोवर माझा मोठा भाऊ गेला होता. आता दीड महिना झाला.

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर दादाने क्वार्टर सोडलं. तिथली बाग गेली म्हणून तो बोन्सायच्या नादी लागला. पहिलं झाड शोभेला टीव्हीशेजारी ठेवलं, ते वाळलं. दुसऱ्याला दिवसातून तीनदा पाणी पाजलं, ते कुजलं. मग गच्चीच्या कठड्याच्या भेगेत पिंपळाचं रोप दिसलं. वहिनीला ते तोडायचंही नव्हतं आणि घरात ठेवायचंही नव्हतं. दादाने ते मुळासकट अलगद काढून कुंडीत लावलं, उन्हात ठेवलं. हे मात्र जगलं. दोन वर्षांत खोड अंगठ्याएवढं झालं.

"काहून त्याला उपाशी ठेवून राहिला?" मी चिडवायचो.

"उपाशी नाही रे. मुळं छाटली की नवी फुटतात. तुझं पोट बघ, आधी तुलाच छाटायला पाहिजे."

यंदा पानं झडल्यावर ते कुंडीतून पसरट ट्रेमध्ये हलवायचं होतं. एकाने खोड धरायचं, दुसऱ्याने मुळं कापायची. बायपासनंतर दादाला वजन उचलायची मनाई होती. "रविवारी येऊन जाय, अर्ध्या तासाचं काम," तो म्हणाला. दोन रविवार मी टाळले. तिसऱ्यासाठी म्हणालो, "चलो, आठला पक्का येतो." साडेआठला त्याचा फोन आला. मी उचलला नाही... आळस, दुसरं काही नाही. शेवटी ती कुंडी त्याने एकट्याने उचलली.

दहाव्याला नागपूरची मावशी म्हणाली, "घरात पिंपळ पोसला बाप्पा, आणखी काय होणार?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. दोष झाडावर गेला की माझ्यावर येणार नव्हता. "मीच अडवायला पाहिजे होतं त्यांना," म्हणत वहिनी रडली, तेव्हाही मी गप्प. दुसऱ्या दिवशी ग्वारीघाटला जाऊन तो पिंपळ मीच नर्मदेत सोडला. त्याला नवी पालवी फुटत होती.

परवा वहिनी त्या दिवसानंतर पहिल्यांदा गच्चीवर आली. मी सोबत होतो. कठड्याजवळ दोन पाट समोरासमोर मांडलेले होते, अजून तसेच.

"एकट्याच्या कामाला यांनी दोन पाट काहून काढले असतील, भाऊजी?"

मी त्यातल्या एकावर बसलो. "हा माझा होता, वहिनी. मी येतो म्हणालो होतो." मग सगळं सांगितलं, न उचललेल्या फोनसकट.

वहिनी म्हणाली, "उठा."

मी उठलो. तिने माझा पाट उचलून काखेत घेतला आणि जिना उतरून गेली. दादाचा पाट तिने हलवला नाही.