एका स्पूलात मावणारं गाणं

२०२२ साल. मला एकाहत्तर पुरी झाली होती. शाळा चौथीपर्यंत, तीही सलग नाही. पण तलासरीच्या पूर्वेकडच्या पाड्यांवर चाळीस वर्षं लग्नांत माइक आणि भोंगे मी लावले. आवाजातलं मला कळतं असं मी तेव्हाही म्हणायचो, आजही म्हणतो. त्या वर्षी चुकलो ते आवाजात नाही, मोजण्यात. म्हणजे मोजलं बरोबर, पण त्याचा अर्थ चुकीचा लावला.

माझी वहिनी, मोठ्या भावाची बायको, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आमच्याकडे लग्न लागताना जे लांबलचक गाणं म्हणतात, ते तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत येतं. बाकीच्या बायका मागून धरतात, पुढे ओढणारी ती एकटी. हे गाणं लग्नाशिवाय म्हणायचं नाही, आणि एकदा उचललं की मधे तोडायचं नाही. तोडलं तर त्या जोडप्याचं लग्न अर्धंच लागलं असं मानतात. पाऊस आला, वीज गेली, नवऱ्याचा मामा पिऊन मांडवात आडवा झाला, तरी गाणं चालूच.

त्या उन्हाळ्यात पुतण्याच्या मुलीचं लग्न होतं. वहिनीचा दम कमी झाला होता. ती आधीच म्हणाली होती, हे शेवटचं, पुढच्या लग्नाला दुसरी बघा. म्हणून माझ्या मुलीने सहा माइक लावून सगळं कॉम्प्युटरवर घेतलं. ती डहाणूला शाळेत शिकवते, तिला त्यातलं येतं. एक माइक वहिनीपुढे, तीन मागच्या बायकांत, एक ढोलाला, एक मांडवाच्या मेढीला टांगलेला. गाणं एक्कावन्न मिनिटं चाललं.

लग्न उरकल्यावर वहिनीने मला ओट्यावर बोलावलं.

"भावजी, ते कुठं ठेवलंय?"

"कॉम्प्युटरात आहे."

"तिथून फोनात जाईल. फोनातून डीजेवाल्याकडे. खालच्या पाड्यावर हळदीला काय वाजवलं, ऐकलंत ना? तिथल्या गाणाऱ्या म्हातारीचा आवाज तुकडे करून त्याच्यावर धडाम धडाम लावलं होतं. ती बिचारी समोरच बसलेली."

"मग काय करू?"

"आपण नरपडला वाडीत कामाला होतो तेव्हा मालकाकडे ते चाकांचं मशीन होतं, तसल्या चाकावर घाला. सगळं एका चाकावर, न तोडता. मग कॉम्प्युटरातलं पुसा. ज्याला ऐकायचंय तो माझ्या ओट्यावर येईल, शिकायचंय तो बसून शिकेल."

मी हो म्हटलं. मुलगी म्हणाली, "बाबा, पुसायचं म्हणजे खरंच पुसायचं?"

"शब्द दिलाय."

"मग मशीन तरी नीट बघून घेऊ."

"मशीन मी बघतो," मी म्हटलं.

तसल्या मशिनी आता नवीन कुठे मिळतात. मुलीने फोनवर शोधून दोन जुन्या काढल्या. एक डहाणू रोडला स्टेशनाजवळच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे, दुसरी नरपडला समुद्राकडच्या एका बंगल्यात. मी फीत गुंडाळलेलं एक कोरं स्पूल आणि मनगटावरचं घड्याळ घेऊन निघालो. ज्या मशीनवर एक्कावन्न मिनिटं मावतील ती माझी, इतका सरळ हिशोब.

दुरुस्तीवाला पन्नाशीचा, घरी गुजराती बोलणारा, गिऱ्हाइकाशी मराठी. मशीन पार खरचटलेली, झाकण नाही. फीत जिथे घासते त्या हेडवर मी नख फिरवून बघितलं, खाच पडलेली नव्हती. रबराचं चाक दाबलं, नरम होतं. आत नाक घातलं, जळका वास नव्हता. मग माइक लावून 'हॅलो, एक दोन तीन' भरलं आणि ऐकलं. चोख. शेवटी स्पूल पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवलं आणि समोर बसून राहिलो. अठ्ठेचाळीस मिनिटांत फीत संपली.

"तीन मिनिटं कमी पडतात," मी म्हटलं.

"काका, पातळ फीत घ्या, जास्त वेळ चालेल."

"पातळ फीत ताणते. मला नको."

"मग दोन स्पूलांवर घ्या. सगळं जग तसंच करतं."

"आमच्याकडे तसं नाही."

"तुमच्याकडे कसं आहे मग?"

"एक्कावन्न मिनिटांचं," म्हणून मी उठलो.

नरपडच्या बंगल्यात एक विधवा बाई होत्या. त्यांच्या नवऱ्याने ती मशीन अमेरिकेहून येताना आणली होती. नव्यासारखी चकचकीत, आवाजाचे दोन काटे, आणि सोबत विजेचा एक जड डबा. बाई म्हणाल्या, तो लावल्याशिवाय पिन घालू नका, इथली वीज तिला जड जाते. मला वाटलं, वा, जपून ठेवलेली चीज. हेड, रबर, वास, सगळं बघितलं. 'हॅलो, एक दोन तीन' जसं भरलं तसं परत आलं. मग तेच स्पूल, वेगाच्या बटनावर तोच आकडा. घड्याळ लावलं. अठ्ठावन्न मिनिटांना थोडी कमी असताना फीत संपली. मी तिथल्या तिथे व्यवहार ठरवला.

घरी मुलगी म्हणाली, "फीत तीच, आकडा तोच, मग दहा मिनिटं जास्त कशी चालते?"

"चांगली मशीन फीत जपून वापरते."

"असं कुठे असतं, बाबा?"

"तू आयुष्यात किती मशिनी लावल्यास?"

ती गप्प बसली. माझ्यापुढे बरेच जण असे गप्प बसतात आणि मी ते जिंकलो म्हणून धरतो.

मशीन रिक्षातून नेताना स्टेशनाजवळ दुरुस्तीवाल्याने ती बघितली होती. दारातून हाक मारून विचारलं, "काका, मागची पाटी वाचली का?" मी म्हटलं, "वाचली." पाटी इंग्रजीत होती. तिचे चार कोपऱ्यांचे स्क्रू शाबूत आहेत एवढंच मी बघितलं होतं.

मग आम्ही सहा माइकांचा आवाज कॉम्प्युटरातून फितीवर, डाव्या-उजव्या अशा दोन बाजूंना वाटून, उतरवायला बसलो. आठ दिवस फीत न लावता नुसती तालीम केली, कारण थांबून पुन्हा सुरू करणं आम्हांला चालणार नव्हतं. बायकांच्या बटनांवर मुलगी, वहिनी आणि ढोलाच्या बटनांवर मी. नवरी आईच्या गळ्यात पडते तिथे ढोल मागे घ्यायचा, अक्षतांना पुढे आणायचा. मुलगी बोटाने खूण करायची. नवव्या दिवशी फीत लावली आणि एका दमात उतरवलं. संपलं तेव्हा स्पूलावर थोडी फीत उरली होती. माझी पाठ भरून आली होती.

वहिनीने ओट्यावर बसून सगळं ऐकलं. मधे एकदाही बोलली नाही. संपल्यावर म्हणाली, "ढोल बरोबर ठेवलात. आता पुसा." मुलीने आमच्यासमोर पुसलं. ती माझ्याकडे बघत होती, मी मशीनकडे.

आठवड्याने मी ते स्पूल पिशवीत घालून डहाणू रोडला गेलो. कशाला, तर त्या दुरुस्तीवाल्याला ऐकवायला. त्याने आपल्या खरचटलेल्या मशीनवर लावलं. सुरुवात झाली आणि वहिनीच्या जागी एक बारा वर्षांची पोर गाऊ लागली. घाईघाईने, चिरक्या आवाजात. ढोलाचा पत्र्याचा डबा झाला होता.

"तुझी मशीन खराब आहे," मी म्हटलं.

"माझी बरोबर आहे, काका. तुमची हळू चालते." त्याने फीत थांबवली. मी मधे तोडायचं नाही म्हणणार होतो, पण ते गाणं राहिलंच नव्हतं. "आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, अमेरिकेची साठ. तिकडची मोटर त्या हेलकाव्यांवर चालते. डबा लावून वीज सौम्य होते, हेलकावे नाही वाढत. तुमची मशीन हळू भरते आणि हळूच वाजवते, म्हणून तुम्हांला घरी बरोबर ऐकू येतं. पाटीवर लिहिलेलं असतं सगळं."

मी स्पूल काढून पिशवीत घातलं आणि बस पकडली.

संध्याकाळी वहिनीला सांगितलं. ती आधी हसली. "म्हणजे या मशीनवर मी म्हातारी आणि दुसऱ्या मशीनवर पोर." मग हसणं थांबलं. "आणि ही एक बिघडली तर?"

मुलगी म्हणाली, कॉम्प्युटरात परत घेतलं तर वेग बरोबर करून ठेवता येईल. वहिनीने मान हलवली. "पुन्हा तिथंच? नाही." आणि मला विचारलं, "भावजी, तुम्ही कुणाला विचारलं नाहीत?"

"मोजलं होतं."

"विचारायचं होतं."

"विचारत होता एक जण. मी वाचली म्हणून सांगितलं."

"काय वाचली?"

"पाटी. इंग्रजीत होती."

चाळीस वर्षांत हे मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं, की परदेशी मशीनवर काय लिहिलंय ते मी कधीच वाचलेलं नाही, नुसता हात फिरवून मान डोलवत आलो. वहिनी म्हणाली, "बरं. जेवून घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या बसने डहाणू रोडला गेलो आणि दुरुस्तीवाल्याच्या पायरीवर बसून राहिलो. त्याने शटर वर केलं तेव्हा उभा राहिलो आणि म्हटलं, "मला ती पाटी वाचता आली नव्हती. तुझी मशीन मला दे. पण आधी तिला माझ्या मशीनइतकी हळू कर."

तो म्हणाला, "काका, लोक माझ्याकडे मशीन बरोबर करायला येतात."

"मला चुकीची पाहिजे. एक बंद पडली तर दुसरीवर तोच आवाज यायला पाहिजे."

त्याने मशीन टेबलावर उलटी केली, मोटरवरची पितळी पुली काढून माझ्या हातावर ठेवली आणि कागदावर मोजमाप लिहून दिलं. पुली बारीक झाली की फीत हळू चालेल; एवढी बारीक कातायची, केसाचाही फरक नको. चिंचणीला दागिन्यांचे डाय, म्हणजे साचे, कापणारे आहेत, ते करतील. मी कागद घेतला आणि त्यालाच तो मोठ्याने वाचून दाखवायला सांगितलं. दोनदा. मग चिंचणीची बस धरली.